इंग्रजाचा पाइंट आणि आपला गुंठा

(उमरोळी येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें गांवच्या शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



भातकापणी उरकली, झोडणी बहुतेकांची झाली, आणि चार घटका बसावयास सवड मिळाली म्हणून आपण येथें जमलों आहोंत. आजचा विषय मीं शोधून काढलेला नाहीं. तो गेल्या आठवड्यांत आपल्या उमरोळी स्टेशनावर आपोआप निघाला. गाडीला अवकाश होता. आपलींच पांच-सात माणसें बांकावर बसलीं होतीं. आपल्याकडचा एक मुलगा बोटीवर नोकरीस आहे, तो रजेवर आलेला. तो मला म्हणाला, "गुरुजी, इंग्लंडच्या बंदरांत उतरलों कीं रस्त्याच्या पाटीवर अजून मैलच लिहिलेले दिसतात. पिठ्यांत दारू पाइंटानेंच मिळते. राजा, राजाचा मुकुट, लाल टपालपेटी, कांहीं म्हणून ते सोडीत नाहींत. आणि आपण? शेर टाकला, पायली टाकली, आणा टाकला. आपल्याला कशाचाच अभिमान नाहीं." त्यावर शेजारीं बसलेले एक म्हातारे बाबा म्हणाले, "पोरा, तो शेर गेला तें बरेंच झालें. त्या शेरानें माझ्या बापाला बुडविलें." इतक्यांत गाडी आली आणि बोलणें तुटलें. त्या दोघांच्या बोलण्याचा माझ्या मनांत निकाल लागेना. घरीं येऊन मीं पुस्तकें चाळलीं, टिपणें काढलीं, आणि तें तुमच्यापुढें मांडतों.

मीं विलायत पाहिलेली नाहीं. मराठी शाळेंत शिकलों, ट्रेनिंग कॉलेजांतून बाहेर पडलों आणि मराठी शाळेंतच शिकवितों. तेव्हां ऐकीव गप्पा सांगणार नाहीं. वाचून पडताळलेलें तेवढेंच सांगतों.

त्या मुलानें पाहिलें तें खरें आहे. इंग्रजाला आपल्या रोजच्या वस्तूंचा लोभ फार. युरोपांतील बहुतेक देशांनीं युरो हें एक नाणें घेतलें, त्यानें आपला पौंड सोडला नाहीं. रस्त्यावर मैल ठेवला. त्याच्या रेल्वेचें अंतर तर अजून मैल आणि साखळ्या यांत लिहितात; आपली रेल्वे किलोमीटरवर आली त्याला कित्येक वर्षें लोटलीं. टेलिफोनची लाल लांकडी-लोखंडी खोपटी कोणी वापरीनासें झालें, तरी खेड्यांतल्या लोकांनीं ती मोडूं दिली नाहीं. टेलिफोन कंपनीला नांवाचा एक पौंड देऊन गांवांनीं त्या खोपट्या आपल्याकडे घेतल्या. कोठें तींत पुस्तकें ठेवून वाचनालय केलें, कोठें हृदय बंद पडल्यास झटका देणारें यंत्र बसविलें. ही गोष्ट मला मनापासून आवडली. जुनी वस्तु जपावी तर अशी जपावी.

पण त्यांचें सगळेंच जुनें आणि सगळेंच त्यांचें आहे, असें मात्र समजूं नका. चहा हें इंग्रजाचें पेय असें जग म्हणतें. त्या चहाचें झाड त्यांच्या बेटांत नव्हतें. पानें आधीं चीनहून आलीं आणि मग आपल्या आसामांतल्या मळ्यांतून, आपल्याच मजुरांच्या घामानें गेलीं. त्यांच्या राजघराण्याचें नांव १९१७ पर्यंत जर्मन होतें. जर्मनीशीं लढाई चालली असतां तें बदलून विंडसर केलें. युरोपीय संघांतून ते ३१ जानेवारी २०२० रोजीं बाहेर पडले आणि आपला जुना निळा पासपोर्ट पुन्हां मिळाला म्हणून मोठा आनंद केला. तो निळा पासपोर्ट फ्रेंच कंपनीनें पोलंडांत छापून दिला! मी हें हंसण्यासाठीं सांगत नाहीं. आपल्याकडची मिरची, बटाटा, तंबाखू हींही समुद्रापलीकडून आलेलीं, आणि मिरचीवांचून आपला घांस उतरत नाहीं. रोजच्या हाताखालीं जी वस्तु राबते ती आपली होते; ती मूळची कोणाची हें पोट विचारीत नाहीं.

आतां एका भाजीवाल्याची हकीकत ऐका, कारण आपल्या प्रश्नाची गांठ तींत आहे.

संडरलंड म्हणून उत्तर इंग्लंडांत गांव आहे. तेथें स्टीव्हन थोबर्न नांवाचा एक भाजीवाला बाजारांत दुकान लावीत असे. १ जानेवारी २००० पासून सुटा माल किलो-ग्रॅमनेंच तोलावा असा तिकडे कायदा झाला. थोबर्नच्या तागड्या पौंडाच्या होत्या. गिऱ्हाइकें पौंडानें मागत, तो पौंडानें देई. त्या वर्षीं जुलै महिन्यांत अधिकाऱ्यांनीं त्याच्या तागड्या जप्त केल्या. खटला चालला तो केळ्यांवरून. एप्रिल २००१ मध्यें त्याला दोषी ठरविलें. शिक्षा म्हणाल तर सहा महिने नीट वागण्याच्या अटीवर सोडून दिलें. तो वरच्या कोर्टांत गेला, २००२ सालीं तेथेंही हरला, आणि २००४ सालीं ऐन उमेदींत हृदयविकारानें वारला. तिकडच्या वर्तमानपत्रांनीं त्याला आणि त्याच्यासारख्या इतर दुकानदारांना "मेट्रिक हुतात्मे" असें नांव दिलें.

हा शब्द वाचून मी थांबलों. आपल्या पालघरांत हुतात्मा स्तंभ आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजीं मोर्चावर गोळ्या झाल्या आणि आपल्या पंचक्रोशींतले पांच जण पडले. हुतात्मा या शब्दाचें वजन आम्हांला ठाऊक आहे. तो केळ्यांच्या तागडींत टाकण्याचा नव्हे. पण त्या भाजीवाल्याला मूर्खांत काढावयासही माझें मन तयार होत नाहीं. समोर म्हातारी उभी राहते, ती जन्मभर पौंडानें घेत आली आहे, तिला पौंडाचा भाव कळतो. किलोचा भाव ऐकून ती बावरते. आपण फसलों कीं काय, अशी तिला धास्ती वाटते. दुकानदार तिच्या भाषेंत तोलतो. यांत लबाडी कोठें आहे? त्याच्या मनांतली खरी तिडीक ही कीं, आमची तागडी कशी असावी हें आम्हांला न विचारतां वरून ठरतें. ही तिडीक शेतकऱ्याला परकी नाहीं.

फक्त एक गोष्ट तिकडच्या पुढाऱ्यांनीं लोकांपासून झांकली. हें सगळें परक्या युरोपानें लादलें, असा त्यांनीं गिल्ला केला. वस्तुस्थिति अशी कीं, किलो-मीटरकडे वळण्याचें इंग्रज सरकारनें स्वतःच १९६५ मध्यें जाहीर केलें होतें, आणि युरोपच्या मंडळींत ते शिरले १९७३ मध्यें. घरच्यानें केलेलें दाराबाहेरच्याच्या नांवावर लोटणें, ही पुढाऱ्यांची रीत सर्व देशांत सारखीच.

मग हा पाइंट त्यांना एवढा प्रिय कां? दारूच्या नादानें, असें कोणी म्हणेल. मीही प्रथम तसेंच म्हणत होतों. पाइंट म्हणजे आपलें ५६८ मिलिलिटर, अर्ध्या लिटरापेक्षां जरासा जास्त. पण त्याच्या मागें मोठा इतिहास आहे. १२१५ सालीं इंग्लंडच्या सरदारांनीं आपल्या राजाकडून एक सनद लिहून घेतली, तिला मॅग्ना कार्टा म्हणतात. शाळेच्या पुस्तकांत तिचें नांव मोठ्या गोष्टींसाठीं येतें. पण तिच्यांत एक कलम मापांचें आहे: सगळ्या राज्यांत दारूचें माप एक असावें, धान्याचें माप एक असावें, आणि रंगविलेल्या कापडाचा पन्हाही एक असावा. पाहा, राजाचे हात बांधण्याच्या सनदेंत शेतकऱ्याचें माप आणि विणकराचा पन्हा आला! पुढें सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या पार्लमेंटानें कायदा केला कीं पिठ्यांतलें माप सरकारी शिक्क्याचें असावें. तेव्हांपासून त्यांच्या पेल्यावर मुकुटाची छाप येऊं लागली. ती छाप राजाच्या शोभेसाठीं नव्हती. दिवसभर राबून आलेल्या गड्याला पिठेवाल्यानें पेला कमी भरून देऊं नये, यासाठीं ती होती. गडी निरक्षर असेल, पण मुकुट ओळखील. युरोपच्या नियमामुळें २००६ नंतर त्या छापेऐवजीं दुसरी खूण आली, तेव्हां लोक हळहळले. बाहेर पडल्यावर सरकारनें मुकुटाची छाप पुन्हां चालेल असें सांगितलें. ज्या खुणेनें गरिबाची राखण केली ती खूण लोकांच्या मनांत घर करते. पाइंटाच्या लोभाचें मूळ मला येथें सांपडलें.

आणि त्या लोभालाही हिशेब असतो, तेंही ऐका. २०२२ सालीं इंग्रज सरकारनें लोकांना विचारलें कीं, दुकानांतून पुन्हां पौंड-औंसाचें माप अधिक चालू करावें काय? पुढाऱ्यांना वाटलें, लोक नाचत येतील. एक लाखाहून अधिक उत्तरें आलीं. त्यांतल्या शंभरांपैकीं जवळ जवळ नव्व्याण्णवांनीं सांगितलें कीं, खरेदी-विक्री किलोनेंच बरी, फार तर शेजारीं पौंड लिहावा. म्हणजे पिठ्यांत पाइंट, रस्त्यावर मैल, आणि पिशवी भरतांना किलो! ज्यांचा अभिमान आमचा बोटीवरचा मुलगा सांगत होता, तेच लोक पैशाची वेळ आली तेव्हां स्वच्छ माप मागूं लागले. वास्तविक त्यांचें "प्राचीन" मापही फार प्राचीन नाहीं. आजचा पाइंट १८२४ च्या कायद्यानें ठरला. त्याआधीं त्यांच्याकडेही दारूचा गॅलन निराळा आणि धान्याचा निराळा होता. आमच्या मुंबई इलाख्यांत पेशवाई बुडाल्यावर सहा वर्षांनीं ठरलेली ही वस्तु.

आतां त्या बाबांकडे वळूं.

त्यांच्या बापाच्या काळीं भात तोलानें घेत-देत नसत, मापानें घेत. चार शेरांची पायली, पायल्यांचा मण, मणांची खंडी. पावसाळा अर्धा झाला कीं घरांतलें भात संपे, आणि कूळ सावकाराच्या ओटीवर खावटीसाठीं उभें राही. देतांना सावकार माप सपाट करून देई. वरून हात फिरवून दाणा दाणा खालीं पाडी. कापणीनंतर दिढीनें परत घेतांना त्याच मापाला शीग लावी, शिगोशीग भरून घेई. कोठें कोठें तर मापच दोन, घेण्याचें मोठें आणि देण्याचें धाकटें. कुळाला हें दिसत नसे असें नाहीं. दिसे, पण बोलण्याची सोय नव्हती. पुढच्या पावसाळ्यांत पुन्हां त्याच ओटीवर जावयाचें होतें. महात्मा जोतीराव फुल्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८३ च्या सुमारास. शेतकरी अक्षराला अंधळा म्हणून कागदावर कसा नागवला जातो, हें त्यांनीं त्यांत उघडें केलें. कागदाप्रमाणेंच मापावरही तो नागवला जात होता. तेव्हां बाबा म्हणतात कीं शेर गेला तें बरें झालें, तें अडाणीपणाचें बोलणें नव्हे. तीन पिढ्यांच्या हिशेबाचें बोलणें आहे.

उलट आपल्याच जिल्ह्यांत इंग्रजी पौंडाची काय गोष्ट झाली तीही आठवा. उंबरगांव-डहाणूकडचे वारली बांधव १९४५ सालीं वेठीविरुद्ध उठले. गवत कापणीच्या दिवसांत त्यांनीं संप केला, आणि मागणी काय होती? पांचशें पौंड गवत कापलें तर अडीच रुपये द्या. त्या ऑक्टोबरांत तलवाड्याला गोळीबार झाला, पांच जण मेले. गोदावरी परुळेकर यांनीं 'जेव्हां माणूस जागा होतो' या आपल्या पुस्तकांत त्या लढ्याची कहाणी लिहून ठेवली आहे. इंग्लंडांतल्या म्हातारीला पौंड म्हणजे आजीची आठवण. इथल्या वारल्याला पौंड म्हणजे मजुरीचा हिशेब. परक्याचें माप, पण तें ठरलेलें होतें म्हणून मजुराला बोट ठेवून मागतां आलें: इतकें कापलें, इतके द्या. खोताच्या "भाऱ्या"वर बोट ठेवतां येत नाहीं, कारण भारा केवढा तें खोतच सांगणार.

आपलें सरकार झाल्यावर १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. मापांचा कायदा १९५६ चा, आणि किलो-मीटर १९५८ पासून हळूहळू बाजारांत आले. इंग्रजानें आपले बारा पेन्सांचे शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड मोडून शंभराचा हिशेब केला तो १५ फेब्रुवारी १९७१ रोजीं, आपल्यामागून चौदा वर्षांनीं. म्हणून आपण सगळें घाईनें टाकलें असें म्हणणाऱ्याला मी विचारतों: टाकलें तें कोणासाठीं टाकलें? प्रांतागणिक शेर निराळा, तालुक्यागणिक पायली निराळी. त्या गोंधळाचा फायदा ज्याला मिळत होता, त्याची अडचण झाली. झोडणीच्या खळ्यावर उभ्या असलेल्याची झाली नाहीं.

आणि खरोखर आपण सगळें टाकलें काय? भगिनींनो, हें तुम्ही माझ्यापेक्षां जास्त जाणतां. सून घरांत येते तेव्हां उंबऱ्यावर काय ठेवतां? तांदळानें भरलेलें माप. ती पायानें तें लवंडून आंत येते. बाजारांतून माप गेलें, वजनकांट्यावर आंकडे आपोआप उमटूं लागले, पण उंबऱ्यावरचें माप एकाही घरानें टाकलें नाहीं. तेथें किलोची पिशवी ठेवून पाहा, सासू तुम्हांला घरांत घेणार नाहीं! खळ्यावर पहिलें माप मोजतांना "एक" न म्हणतां "लाभ" म्हणणारे म्हातारे अजून आहेत. बोलण्यांत सोळा आणे खरें, चार आण्यांची अक्कल, हे आणे चालूच आहेत. मैल गेला तरी मैलाचा दगड आहे. इंग्रजाइतकेच आपण हट्टी आहोंत, फक्त आपला हट्ट वर्तमानपत्रांत छापून येत नाहीं. आणि वारली घरांत लग्नाच्या वेळीं भिंतीवर तांदळाच्या पिठानें जो देवचौक निघतो, तो आज जगभर कागदावर विकला जातो. तरी लग्नाच्या घरीं सुवासिनी तो अजून भिंतीवरच काढतात.

त्या मुलानें कपड्यांचेंही काढलें होतें, इंग्रज न्यायाधीशाचा केसांचा टोप वगैरे. दिवाणी कोर्टांतला तो टोप त्यांनीं २००८ सालीं काढून टाकला. आपल्याकडे मात्र वकील अजून काळ्या कोटांत आणि पांढऱ्या पट्टींत, वैशाखाच्या उन्हांत घाम पुसत उभा असतो. त्यांनीं लावलेली संवय त्यांच्यापेक्षां आपणच घट्ट धरली! पोशाखाची गोष्ट निघाली कीं मला जोतीराव आठवतात. २ मार्च १८८८ रोजीं पुण्यांत हरि रावजी चिपळूणकर यांनीं ड्यूक ऑफ कॅनॉटला, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या मुलाला, मेजवानी दिली. सरदार, सावकार हिरे-मोत्यांत मढून आले. जोतीराव गेले ते शेतकऱ्याच्या फाटक्या वेषांत. दारावर त्यांना अडविलें म्हणतात. आंत गेल्यावर त्यांनीं राजपुत्राला स्पष्ट सांगितलें कीं, हे दागिन्यांनीं मढलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी रयत पाहावयाची तर खेड्यांत चला, आणि रयतेला शिक्षण द्या असें राणीसाहेबांना सांगा. जोतीरावांनीं तो वेष जुना म्हणून घातला नव्हता. त्या वेषांतून कुणब्याची स्थिति राजपुत्राला दिसावी, म्हणून घातला होता. पेल्यावरचा मुकुट आणि जोतीरावांचा फाटका वेष यांचें काम मला एकच वाटतें, डोळ्यांआड केलेलें समोर आणून ठेवणें.

आतां मी खऱ्या मुद्द्यावर येतों, कारण नुसत्या इंग्लंडच्या गोष्टी सांगून तुम्हांला घरीं पाठविलें तर माझ्या मास्तरकीला अर्थ नाहीं. एक जुनें माप आपण अजून सोडलेलें नाहीं, आणि तें आपल्याला महाग पडत आहे. तें माप म्हणजे गुंठा.

कापणी झाली कीं आपलीं मुलें मोकळ्या शेतांत क्रिकेट मांडतात. दोन्ही बाजूंच्या दांड्यांमध्यें बावीस यार्ड, म्हणजे सहासष्ट फूट मोजतात. हे सहासष्ट फूट आले कोठून? एडमंड गुंटर नांवाच्या इंग्रजानें १६२० च्या सुमारास जमीन मोजण्याची शंभर कड्यांची साखळी केली, तिची लांबी सहासष्ट फूट. अशा ऐंशी साखळ्यांचा मैल, आणि दहा चौरस साखळ्यांचा एकर. कंपनी सरकारनें १८३० नंतर इंदापुराकडे जी जमीनमोजणी सुरू केली आणि पुढें इलाखाभर नेली, तींत या साखळीचा निम्मा भाग धरला: तेहतीस फूट. त्या तेहतीस फुटांच्या साखळीचे सोळा आणे पाडले. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. त्याआधीं आपल्याकडे बिघा होता, पांड होता, चाहूर होता. तेव्हां ज्याला आपण बापजाद्यांचा गुंठा म्हणतों, तो अर्ध्या क्रिकेटाच्या खेळपट्टीएवढी बाजू असलेला इंग्रजी चौकोन आहे. परका म्हणून त्याचा राग धरण्याचें कारण नाहीं. मिरचीसारखाच तोही आपला झाला. अडचण निराळी आहे.

आपण तोंडानें एकर-गुंठे बोलतों. सात-बाऱ्यावर लिहिलेलें असतें हेक्टर, आर आणि चौरस मीटर. आर म्हणजे दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, शंभर चौरस मीटर. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, मीटरांत १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ जवळ आहेत कीं, आर म्हणजेच गुंठा असें निम्मा गांव समजतो. एक गुंठ्यांत फरक पडतो सव्वा चौरस मीटराहूनही कमी, कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पण एकर धरा. एक एकर सात-बाऱ्यावर ०.४०.४७ असा दिसला पाहिजे. तो ०.४०.०० दिसला तर सत्तेचाळीस चौरस मीटर गेले.

आपल्या शेजारच्या एका घरांत असें घडलें. नांव सांगत नाहीं. दोन भाऊ, बापाची जमीन दोन एकर. वांटणी ठरली तोंडी: प्रत्येकीं चाळीस गुंठे. कागद लिहिला तेव्हां धाकट्याच्या नांवें चाळीस आर लिहिले आणि उरलेली जमीन थोरल्याच्या नांवें राहिली. चाळीस म्हणजे चाळीस, दोघांनींही मान डोलावली. थोरला लबाड नव्हता, लिहिणाऱ्यानेंही मुद्दाम कांहीं केलें नव्हतें. पुढें बांधावर मोजणी झाली तेव्हां निघालें कीं धाकट्याला ०.४०.०० आणि थोरल्याला ०.४०.९४. धाकट्याचे सत्तेचाळीस चौरस मीटर, म्हणजे पांचशेंहून अधिक चौरस फूट, माझ्या वर्गाच्या खोलीएवढी जागा थोरल्याकडे गेली होती. सबंध एक हंगाम दोन्ही घरांत बोलणें नव्हतें. मुलें शाळेंत एकाच बांकावर बसत आणि डबा पाठ करून खात. शेवटीं थोरल्यानेंच समजून कागद दुरुस्त करून दिला. पण सगळ्याच घरांत असा थोरला नसतो.

पूर्वीं जमीन भातानें मोजली जाई, तेव्हां हातभर इकडे-तिकडे झाल्यानें कोणाचें चूल बंद पडत नसे. आतां आपल्या पालघर तालुक्याकडे पाहा. तारापूरची अणुवीज १९६९ पासून, बोईसरला कारखाने, मालगाड्यांचा वेगळा मार्ग, मुंबई-वडोदरा महामार्ग, बोईसरला थांबणारी बुलेट ट्रेन. जमिनीचा भाव एकराचा राहिला नाहीं, चौरस फुटाचा झाला. मोबदल्याचा कागद येतो तो मीटरांत येतो, आणि आपण तो गुंठ्यांत वाचतों. इंग्लंडची म्हातारी पौंडाला चिकटली तर तिचें फार तर एक केळें कमी पडेल. आपण डोळे मिटून गुंठ्याला चिकटलों तर पायाखालची जागा जाते. आणि ती म्हातारी सुद्धां, वर सांगितलें तसें, शेजारीं किलो लिहिलेला असला कीं किलोच वाचते.

गुंठा बोलूं नका, असें मी म्हणत नाहीं. बांधावर गुंठाच बोला. आपल्याला त्यानेंच जमीन डोळ्यांपुढें उभी राहते. पण कागदावर सही किंवा अंगठा करण्यापूर्वीं आर गुंठ्यांत आणि गुंठे आरांत करून पाहा. कृति अवघड नाहीं, माझीं सातवींतलीं मुलें करतात: गुंठ्यांना १.०११७ नें गुणलें कीं आर येतात. घरांत मुलगी शिकलेली असेल तर हिशेब तिच्याकडून करून घ्या. मुलींचा हिशेब सहसा चुकत नाहीं, हा माझा अनुभव आहे.

बोटीवरच्या मुलाची रजा अजून आठ दिवस आहे. त्याला मीं सांगितलें आहे कीं, तुझ्या इंग्रजी मापांचा अभिमान घेऊन रविवारीं सकाळीं शाळेमागच्या शेतांत ये. बाबाही येणार आहेत. मी दोन दोऱ्या आणतों, एक तेहतीस फुटांची आणि एक दहा मीटरांची. दोन्ही शेजारीं शेजारीं ताणून धरूं. एक दुसरीपेक्षां तीन बोटें लांब भरेल. ज्यांना शक्य असेल त्यांनीं आपापला सात-बारा बरोबर आणावा, आणि सुतारमंडळींनीं आपली मीटरची पट्टी. आठ वाजतां सुरुवात करूं, म्हणजे ऊन चढण्याआधीं सर्वांचे कागद पाहून होतील.